चप्पल खोडली, बकरी ठेवली

चार माणसं आठवणी लिहायला जमली की लिहून होतं थोडं आणि सांगण्यासारखं साचतं फार. आमच्या वसमतच्या मंडळाचं तेच झालंय. लिखाणाची फाईल अजून पातळच आहे, किस्से मात्र दर रविवारी वाढतात.

मंडळ काढलं देशमुख सरांनी. हायस्कूलला मराठी शिकवून रिटायर झालेला माणूस. मंडळाचं कारण म्हणजे त्यांची मुलगी, मंजू. तिची आई गेली तेव्हा ती नुकती रांगत होती, त्यामुळे तिला आई आठवतच नाही. आता पुण्याला नोकरी करते. तिनं वडिलांकडे एकच गोष्ट मागितली होती, "बाबा, आई कशी होती ते दोन पानं लिहून द्या."

आयुष्यभर पोरांना निबंध लिहायला लावलेल्या माणसाला ती दोन पानं काही जमेनात! चार लोकांत बसलं तर जमेल म्हणून सरांनी आम्हाला वाचनालयाच्या माडीवर गोळा केलं. आणि स्वतःचं सोडून आमचंच तपासत बसले.

नियम एकच. "आठवणीत जी वस्तू येईल ती काहून आली, हे सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं, तर खोडायची." पेन्सिल कायम कानावर.

*

पहिला बळी गजाननराव. एसटीचे रिटायर ड्रायव्हर. त्यांनी नोकरीतल्या पहिल्या फेरीची आठवण लिहिली आणि वसमत ते कळमनुरी वाटेतला एकूण एक थांबा त्यात घातला.

सर म्हणाले, "गजाननराव, एवढे थांबे काहून?"

"गाडी थांबली व्हती ना सर तिथं."

"पण लिखाणात दोन-चार गाळले तर काय बिघडतं?"

गजाननराव गंभीर झाले. "थांबा गाळला की कंप्लेंट येते, सर."

*

हमीदभाईंचं बांगड्यांचं दुकान आहे. ऐकायला जरा कमी येतं, पण लिहितात झकास. त्यांनी स्वतःच्या लग्नाची आठवण वाचली. त्यात सासऱ्यांच्या बकरीवर अख्खं पान! तिचे कान, तिचा रंग, मांडवात शिरून तिनं खाल्लेले हार. नवरीबद्दल एक ओळ, "तीही होती."

सर म्हणाले, "हमीदभाई, लग्न तुमचं आणि पानभर बकरी काहून?"

हमीदभाईंनी शांतपणे चष्मा पुसला. "सर, बकरीला वाचता येत न्हाई. घरच्यांना बराबर येतं."

बकरी ठेवली.

*

कमलताई राठोड आरोग्य खात्यात नर्स होत्या. माहेर सिद्धेश्वर धरणाकडच्या तांड्यावर. भर पावसाळ्यात त्या तिथं एका बाईचं बाळंतपण करायला गेल्या, चिखलात चप्पल तुटली, ती तिथंच टाकून पुढं गेल्या, असं त्यांनी लिहिलं होतं.

"बाळंतपणात चपलेचं काय काम?" म्हणत सरांनी ते वाक्य खोडलं.

पुढच्या रविवारी ताईंनी पक्की प्रत वाचली. बाळ झालं, आजीनं गूळ वाटला, ताई चिखल तुडवत अनवाणी परत निघाल्या. ऐकता ऐकता सरांचे डोळे भरून आले. "ताई, अनवाणी! एवढी गरिबी होती का हो?"

"गरिबी काहून आसंल, सर? चप्पल तुमी खोडली की."

*

मीही सुटलो नाही. माझं बी-बियाणांचं दुकान. दुकान उघडलं त्या दिवशी काउंटरवर एक चिमणी येऊन बसली, असं मी लिहिलं होतं.

"चिमणी काहून?"

मी खरं ते सांगून टाकलं. "सर, चिमणी नव्हतीच. लिहिताना बरं वाटलं म्हणून बसवली."

सर विचारात पडले. "मग राहू द्या. तुमचा हेतू तरी स्वच्छ कळला."

*

मध्ये एकदा सरांनी स्वतःचा कागद काढला. आम्ही सरसावून बसलो. सरांनी वाचलं, "ती स्वभावानं मनमिळाऊ, कष्टाळू आणि सर्वांना हवीहवीशी होती."

हमीदभाई म्हणाले, "सर, हे तर आमच्या बकरीला बी लागू व्हतंय."

सरांनी कागदाची घडी घातली. त्या दिवशी त्यांनी कुणाचंच काही खोडलं नाही. मला त्यांची फार दया आली. बिचाऱ्या मंजूला या ओळीतून आई कशी दिसणार?

*

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सर माडीवर आले ते मंजूला घेऊनच. ती पुण्याहून रात्रभर बसनं आली होती. लिहिलेलं घरी एकट्यानं वाचून दाखवायचा सरांना धीर होईना, म्हणून तिलाच इथं आणलेली. ती पुस्तकांच्या कपाटाला टेकून बसली. सरांनी दोन पानं काढली आणि खणखणीत आवाजात पहिलं वाचलं.

"जेवणं झाली की दुसऱ्या दिवशीचा धडा मी तुझ्या आईला वाचून दाखवायचो. मला वाटायचं, तिला आवडतोय. पहिलं पान सरेपर्यंत ती झोपलेली असायची. मी थांबलो की मात्र लगेच जागी व्हायची. म्हणून मी आवाज बारीक करायचो आणि धडा शेवटपर्यंत वाचायचो."

आम्ही हसलो. सरही हसले. पान उलटलं आणि त्यांनी मंजूकडे पाहिलं.

मंजू कपाटाला डोकं टेकून गाढ झोपली होती.

एवढ्या लांबून ज्या दोन पानांसाठी आली, ती ऐकायची राहून जाणार! तिला हलवायला मी हात पुढे केला. सरांनी मानेनंच नको म्हटलं आणि ते दुसरं पान वाचायला लागले.

"सर, जरा जोरात," हमीदभाई कानाला हात लावून म्हणाले. "काईच ऐकू येऊन न्हाई राहिलं."

सरांनी वर न बघता पेन्सिलीनं त्यांना गप्प राहायची खूण केली, आणि त्याच बारीक आवाजात पान शेवटपर्यंत वाचलं.