लेन्स नक्की झाली की

माझं फोटोफ्रेमचं दुकान रविवारी बंद असतं, म्हणजे गिऱ्हाइकांना बंद असतं. आत चार-पाच बाप्ये माझ्या काच कापायच्या टेबलावर जाड कापड अंथरून आपापले कॅमेरे मांडून बसलेले असतात. ह्याची लेन्स त्याच्या कॅमेऱ्याला लावून बघायची, त्याचा फ्लॅश ह्याच्या हातात द्यायचा, आणि मग वाद घालायचे. गळ्यातला पट्टा चामड्याचा बरा की कापडाचा, यावरून एकदा दोघांनी महिनाभर अबोला धरला होता. "पण यात फोटो कोणी काढलाय का?" असं मी मध्येच विचारलं, की मी काहीतरी अचकट-विचकट बोलल्यासारखं सगळे माझ्याकडे बघतात. जागा माझी आणि चहाही माझा, त्यामुळे माझी जीभ त्यांना चालवून घ्यावी लागते.

या टोळक्यात सगळ्यात कडक माणूस म्हणजे तिपाई. ट्रायपॉड लावल्याशिवाय ते फोटो काढत नसत, म्हणून हे नाव. तोंडावर आम्ही तिपाईभाऊ म्हणायचो आणि तेही ओ द्यायचे. त्यांची सगळी नोकरी वजनकाटे तपासण्यात गेली. दुकानोदुकानी हिंडून काटा खरं बोलतो की खोटं, ते बघायचं. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. नव्या लेन्सबद्दल कंपनी काय छापते, यावर त्यांचा काडीचा विश्वास नसे. "घरी नेऊन तपासतो," म्हणायचे आणि पुढच्या रविवारी निकाल द्यायचे. "मधे धारदार, कडेला ढिली." तो निकाल कोणी फिरवत नसे. आमच्यातले दातांचे डॉक्टर त्यांना विचारल्याशिवाय लेन्स घेत नसत. लग्नांचे फोटो काढून पोट भरणारा एक जण आहे, त्याला आम्ही लग्नवाला म्हणतो. एरवी तो आम्हा सगळ्यांना हसतो, पण तिपाईंपुढे तोही गप्प.

ही तपासणी चालते कशी, ते मला वहिनींकडून कळलं. वहिनी म्हणजे तिपाईंची बायको. एका रविवारी भाजीची पिशवी घेऊन नवऱ्याला घरी न्यायला आल्या होत्या.

"मला खिडकीपाशी खुर्चीत बसवतात," त्या म्हणाल्या, "आणि पेपर उघडून छातीपुढे धरायला लावतात. हलायचं नाही, श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. मग त्या छोट्या जाहिरातींची अक्षरं किती स्पष्ट येतात ते बघत बसतात. फोटो पेपरचा हो, मी आपली खुंटी!"

"मग खुंटीलाच का नाही टांगत पेपर?" मी तिपाईंना विचारलं.

ते गंभीरपणे म्हणाले, "भिंतीवर सगळं सपाट येतं, ताई. पेपरच्या मागे काहीतरी लागतं. मागचं किती मऊ विरघळतं, तेही तपासावं लागतं."

"मागचं म्हणजे मी," वहिनी म्हणाल्या आणि पिशवी सावरत खळखळून हसल्या.

तिपाई जरा ओशाळले. "अगं, तुझा नीट फोटो काढणारच आहे. एकदा लेन्स नक्की झाली की."

"काढा सवडीनं. मला कुठे जायचंय?"

लेन्स काही नक्की होत नव्हती. एक पसंत पडली, की तिच्याहून सरस दुसरी बाजारात यायची. मग पुन्हा खुर्ची, खिडकी आणि आदल्या दिवशीचा पेपर. आणि हे लोक लेन्स तपासतात ती पूर्ण उघडी ठेवून. त्या अवस्थेत जिथे नेम धरावा तेवढंच स्पष्ट येतं, वीतभर मागचं सगळं धुकं. लेन्सचं तोंड बारीक केलं तर मागचंही स्पष्ट येतं, पण त्याची यांना किंमत नाही. "बारीक करून काय, बाटलीचं बूडही धारदार फोटो काढतं," हा त्यांचा लाडका विनोद.

पुढे साध्या तापाचं निमित्त झालं आणि वहिनी गेल्या. दवाखान्यात नेलं तेव्हा स्वतःच्या पायांनी रिक्षात बसल्या होत्या.

बरेच रविवार तिपाई फिरकले नाहीत. मग एकदा आले, ट्रायपॉडशिवाय, लॅपटॉप काखेत मारून. त्यांची मुलगी लांबच्या शहरात असते, ती येणार होती. तिला आईचा फोटो हवा होता, एक घरात लावायला आणि एक बरोबर न्यायला. लग्नातला नको, त्यातल्या मुलीला ती ओळखत नव्हती. ओळखपत्रावरचाही नको, त्यात वहिनी पोलिसांनी पकडून आणल्यासारख्या दिसत. तिला तिची आई हवी होती, होती तशी.

"तुम्हाला फोटोंचा काय तोटा!" डॉक्टर म्हणाले.

तर तोटाच होता. आम्ही टेबलाभोवती दाटीवाटीनं उभे राहिलो आणि तिपाई एकेक फोटो उघडू लागले. खुर्ची, खिडकी, पेपर. स्वेटर बदलत होते, पडदे बदलत होते, केस काळ्याचे पांढरे होत होते. पेपरवरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं आणि त्याच्या वर वहिनींचा चेहरा वाफ धरलेल्या आरशातल्यासारखा. सवयीनं ते प्रत्येक फोटो मोठा करून आधी पेपरवरच जात. "खोली भाड्याने देणे आहे," एकदा त्यांनी पुटपुटत वाचलं. "लेन्स चांगली होती ही." आणि मग काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनी घाईनं पुढचा फोटो उघडला.

"मुलीच्या फोनवर असतील की," लग्नवाला म्हणाला.

"नाहीत. ती फोन काढायची, तर मीच ओरडायचो. घरात एवढे कॅमेरे असताना फोनवर कसले फोटो काढता म्हणून."

मला त्यांचा राग आला, अगदी तोंडावर बोलावं इतका. संसारभर बायको समोर बसवली आणि बघितलं काय, तर खोली भाड्याने! पण ते पुन्हा पहिल्यापासून एकेक फोटो उघडू लागले, तशी मी चहा ठेवायला आत गेले.

मी परत आले तेव्हा डॉक्टर एका नव्या प्रोग्रॅमची तारीफ करत होते. धूसर फोटो दिला की तो लख्ख करून देतो म्हणे. त्यांनी एक फोटो त्यात टाकला. थोडा वेळ गेला आणि पडद्यावर एक बाई आली. पापण्या मोजून घ्याव्यात इतकी स्पष्ट, प्रसन्न, नीटनेटकी.

तिपाई वाकून बघत राहिले. "कोण ही?" त्यांनी विचारलं.

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच कळलं नव्हतं. डॉक्टरांनी हळूच तो प्रोग्रॅम बंद केला. त्या रविवारी आपली कॅमेऱ्याची पिशवी कोणी उघडली नाही.

मुलगी यायच्या आदल्या दिवशी दुपारी मीच त्यांच्या घरी गेले. बरोबर दोन फ्रेमा आणि हातोडी-खिळे होते. म्हटलं, काहीच नाही तर निदान ओळखपत्रावरचा मोठा करून लावू. दार उघडंच होतं. ओट्यावर एक कप, एक ताटली, शेगडीवर बोटभर दूध उरलेलं पातेलं. बैठकीत काचेच्या कपाटात लेन्सा ओळीनं उभ्या, त्यांना ओल लागू नये म्हणून आत लहानसा दिवा लावलेला. एवढ्या घरात ऊब तेवढीच त्या कपाटात होती. खिडकीजवळच्या खुर्चीवर त्यांनी धुतलेले कपडे टाकले होते, घडी न करता.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "सापडला."

त्यांनी छापून आणलेला फोटो माझ्या हातात दिला. पेपर त्यांनी खालून कापून टाकला होता. राहिला होता नुसता चेहरा, नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो ते न कळणारा.

"अहो, हा सापडला?" माझा आवाज चढलाच. "आपण बघितले त्यातला सगळ्यात धूसर आहे हा. मुलगी काय म्हणेल? निदान त्यातल्या त्यात बरा तरी निवडायचा!"

ते चिडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. भिंगं चांगली जाड होती. ती बाजूला झाल्यावर त्यांचे डोळे एकदम मोठे आणि उघडे पडल्यासारखे दिसले. फोटो त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि टेबलावर उभा करून त्याच्यापुढे वाकले.

"चष्म्याशिवाय मला हातभर लांबचं दिसत नाही, ताई. सकाळी जाग आली, की शेजारी ती मला अशीच दिसायची. अगदी अशी. बाकीच्या फोटोंत ती थोडी जास्त स्पष्ट आहे, पण ती मग तिच्यासारखी वाटत नाही."

मी फ्रेम पुढे ओढली. "मग हाच लावू या," मी म्हटलं. "काच कुठली घालू? साधी की चकाकी न येणारी?"

"कुठलीही घाला."

मी फ्रेम पालथी करून मागचा पुठ्ठा काढला. ते तसेच चष्मा हातात धरून फोटोकडे बघत उभे होते.

"रोज वाटायचं, आज चष्मा लावून हिला एकदा नीट बघावं," ते म्हणाले. "पण चष्मा सापडेपर्यंत ती उठून कामाला गेलेली असायची."