आईची पाचवी केमो

आईची पाचवी केमो मी पुढे ढकलली होती.

हट्ट तिचा होता. पण नागपूरच्या हॉस्पिटलला फोन मी केला.

आज तिला जाऊन वर्ष झालं. हे मी आजवर कुठे लिहिलं नाही. बोलायचीही मला फारशी सवय नाही.

दोन वर्षांपूर्वी तिचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं. डावी बाजू काढली. मग दर एकवीस दिवसांनी केमो, एकूण सहा.

दिग्रसहून पहाटेच्या एसटीने आम्ही निघायचो. यवतमाळच्या स्टँडवर तिला चहा लागायचाच. "हॉस्पिटलचा चहा म्हणजे कप धुतलेलं पाणी हाय," म्हणायची.

चार केमो झाल्या. पाचवीची तारीख नेमकी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी आली.

आमच्याकडे भाद्रपदात तीन दिवस महालक्ष्म्या बसतात. सोळा भाज्या, आंबिल, पुरणपोळी, वर टांगलेला करंज्या-पापड्यांचा फुलोरा, जेवायला साठेक माणसं. लग्न होऊन आल्यापासून आईने एक वर्ष चुकवलं नव्हतं.

मी म्हटलं, "यंदा राहू दे. काकू करतील."

"तुह्या काकूले निऱ्या जमतात का? मागं एकदा तिनं नेसवली, तं देवी मांडवातून पळून आल्यावानी दिसे."

पुण्याहून ताईचा फोन आला. स्पीकरवर होता.

"कायले ऐकून राह्यला तू तिचं? देवी काय पुढच्या वर्षी येणार नाहीत?"

आईच बोलली. "त्या येतीन वं. मी राहीन का?"

ताईने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलला सांगितलं, घरी कार्यक्रम आहे. सिस्टर डॉक्टरांना विचारून आल्या. म्हणाल्या, शक्यतो चुकवू नका, अगदीच नाइलाज असेल तर पुढच्या आठवड्यात या.

कॅन्सरपेक्षा मोठा कोणता कार्यक्रम, असं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्या महालक्ष्म्यांची धडं कापडाची आहेत. आईच्या सासूने शिवलेली. दरवर्षी उसवून, कापूस पिंजून पुन्हा भरायचा. आई सोफ्यावर बसून कापूस भरत होती. डोक्याला स्कार्फ.

"या दोघी बऱ्या. दरवर्षी नवा कापूस भेटते."

मी कापसाची पिशवी तिच्याकडे सरकवली.

"हास ना रे. मी हासून राह्यली, तं तुले काय झालं?"

मग मोठीला साडी नेसवायला घेतली. हिरवी, जरीकाठाची. निऱ्या धरल्या, पिन लावली आणि मला काठावर लाल ठिपका दिसला.

"आई, पिन लागली तुला."

"कुठी?"

पिन तिच्या अंगठ्यात रुतली होती. तिला कळलंच नव्हतं. केमोने बोटं बधिर झाली होती. हे तिने आम्हाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनाही नाही.

मी पिन काढली. तिने अंगठा पदराला पुसला, थोडा वेळ हाताकडे पाहत बसली. मग म्हणाली, "तू नेसव."

माझी बायको तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी होती. मी जिल्हा परिषदेत फाइली हलवणारा माणूस. आयुष्यात साडीची घडीसुद्धा घातलेली नव्हती.

"आंगठा अन् करंगळी ताण. हां. आता त्याच्यात घे. अबे, फाइल नाही बांधून राह्यला तू, देवी हाय ते. हळू."

चार वेळा सोडायला लावलं. पाचव्यांदा काही बोलली नाही.

"आणि हा डाग?" मी विचारलं.

"डाग निरीत घे. दिसत नाही मग."

तीन दिवस ती खूप आनंदात होती. एवढं मी खात्रीने सांगू शकतो. साठ माणसांत बसून प्रत्येकाला वाढायला लावत होती.

महालक्ष्म्या उठल्या आणि तिला ताप आला. गर्दीत नको, हे आम्हाला सांगितलेलं होतं. एका आठवड्याचे तीन आठवडे झाले. मग पाचवी झाली, सहावी झाली. उन्हाळ्यात आजार लिव्हरमध्ये निघाला. श्रावणात ती गेली.

नंतर एकदा मी एकटाच डॉक्टरांना भेटायला गेलो. विचारलं, त्या तीन आठवड्यांमुळे झालं का?

त्यांनी फाइल पाहिली. "त्यानेच झालं, असं मला म्हणता येणार नाही."

"आणि त्याने नाही झालं, असं?"

"तेही म्हणता येणार नाही."

खरं बोलले. पण परतीच्या गाडीत मला वाटत राहिलं, खोटं बोलले असते तरी चाललं असतं.

तुमच्या घरात कोणाची ट्रीटमेंट सुरू असेल तर तारीख चुकवू नका. सण असो, लग्न असो. पेशंट कितीही गोड बोलला तरी. बोटं बधिर होतात का, हेही विचारा. आपणहून ते सांगत नाहीत.

हे सगळं मला आता कळतं. तरी ते तीन दिवस परत करा असं कोणी म्हटलं, तर माझ्याने होणार नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी त्या घेऊनच ऑफिसला जातो.

ताईने मला कधी दोष दिला नाही. पण स्पीकरवरच्या त्या फोनचा विषयही दोघांनी कधी काढला नाही.

गेल्या वर्षी आई गेली म्हणून महालक्ष्म्या बसल्या नाहीत. यंदा बसतील. काल ताईचा मेसेज आला.

"मी येते. फुलोरा मी करीन. साडी तू नेसव, आईने तुलेच शिकवलं."

संध्याकाळी पेटी उघडून हिरवी साडी बाहेर काढली. डाग आहे अजून. तपकिरी झालाय.

आई, निरीत घेतो.

तुला नमस्कार.