दैवशालाची ओळ

"समुद्र कशाला लिहायलाव लेकरांनो, रोज ओढता ती बादली लिहा ना," असं सिद्धोधन सर एकदा सातवीच्या वर्गाला म्हणाले होते. पिंगळीजवळच्या त्या शाळेत सगळ्यांच्या कवितेत लाटा उसळायच्या, आणि समुद्र तर कुणाच्या बापानंही पाहिला नव्हता.

मग पोरं विहिरीकडं वळली. सरांची रीत अशी, की साऱ्या वर्गाची मिळून एकच कविता. ज्याची त्याची एक ओळ. आधी डोळे मिटून म्हणायची, मग फळ्यावर लिहायची. दुसऱ्यानं तिला हात लावायचा नाही. दिवाळी सरली की बरीच लेकरं आईबापासंगं ऊसतोडीला जात. एखाद्याची ओळ राहून गेली तर तिची जागा मोकळी ठेवायची, आणि कविता म्हणताना तिथं सगळ्यांनी श्वासभर थांबायचं. पट्टा पडला, कारखान्याचा हंगाम सरला, की ते लेकरू परत येईल, तेव्हा आपली ओळ आणील.

यंदा ती मोकळी जागा दैवशालाची होती. ट्रॅक्टरवर भांड्यांच्या गठुड्याला टेकून बसलेली ती पोरगी निघताना एवढंच म्हणाली, "सर, माझी जागा कुणाला देऊ नका."

"न्हाई देत," सर म्हणाले.

पुढं गंगाखेडला शाळांची काव्यस्पर्धा ठरली. मुख्याध्यापक माणिकराव वर्गात आले, कविता ऐकली आणि मिश्या चोळत म्हणाले, "सर, मधी खड्डा पडलाय की. टाका दोन पाट्या मुरूम." पोरं हसली. सरही हसले.

पण त्याच संध्याकाळी, कापसाच्या रानाकडेनं घरी जाताना, सरांना ती ओळ सुचली. न बोलावता आली, आणि त्या जागेत अशी बसली की जणू तिथंच उगवली होती. कित्येक वर्षांत त्यांना असं काही सुचलं नव्हतं. त्यांनी ती कुणाला सांगितली नाही. फक्त झोपेत एक विहीर दिसू लागली. दोर सावकाश वर येई, आणि बादलीत पाण्याऐवजी ती ओळ हलत असे.

स्पर्धेच्या दिवशी प्रीतम मंचावर पुढं झाला.

"आमच्या विहिरीत दुपारी आभाळ उतरतं."

आणि दैवशालाच्या जागेवर पोरं थांबली. पुढची ओळ ऋतिकाची, पण तीही श्वास धरून उभी. सभागृहात पंख्याची घरघर तेवढी राहिली. त्या घरघरीत सरांना उसाचं पाचट सळसळताना ऐकू आलं, कुठंतरी दूर कोयता पडत होता, आणि मोळीमागून एक पोरगी वळून बघत होती.

परीक्षक बन्सीधरराव मायाळू माणूस. लेकरं बावरली, असं त्यांना वाटलं. "भिऊ नका रे. सर, तुमीच सांगा बरं ती ओळ."

माणिकरावांनी कोपरानं ढोसलं. "बोला की. हातचं बक्षीस जायलंय."

ओळ जिभेवर तयार होती. सरांचे ओठ विलगलेसुद्धा. इतकी माणसं, इतकी शांतता. अशी ओळ म्हणायला याहून चांगली जागा कुठली? मंचावरून ऋतिका त्यांच्याकडं बघत होती, अजून श्वास न सोडता.

सर उठले. ओठ घट्ट मिटून, लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत ते दारापर्यंत गेले, आणि बाहेर उन्हात उतरले.