गिरजाबाईने खाल्लेले दोन डबे

गिरजाबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कुकर लावत होते. पुतण्या फोनवर म्हणाला, "काकू, आई गेली." मी गॅस बंद केला आणि तिथेच खाली बसले. मला रडू आलं नाही, भीती वाटली. लग्न होऊन आल्यापासून भीती वाटली की मी याच बाईकडे पाहत आले. ती माझी थोरली जाऊ. आता पाहायचं कोणाकडे...

आमचे नवरे सख्खे भाऊ. भिलाईचा कारखाना उभा राहत होता त्या वर्षांत आम्ही भंडाऱ्याकडचं गाव सोडून आलो. क्वार्टर मिळायचं होतं, म्हणून जवळच्या कुम्हारीला खोली केली. दोघे भाऊ एका ठेकेदाराच्या गँगमध्ये होते, लोखंडी गर्डर चढवायच्या कामावर. सकाळी कामगारांची आगगाडी त्यांना न्यायची आणि दुपार कलली की आणायची. माणसं दाराला लोंबकळत यायची. गाडीची भीती, उंचीची भीती, उन्हाची भीती... सासरी मला भित्री भागूबाई म्हणत, ते काही खोटं नव्हतं. पहिल्यांदा दिवस राहिले होते तेव्हा कामावर कोणी पडल्याची आवई उठली आणि मी रुळांच्या कडेने धावत सुटले, ठेचकाळून पडले. आवई खोटी निघाली, पण पोटातलं पोर गेलं. पुन्हा दिवस राहिले तेव्हा गिरजाबाईने तंबीच दिली, "आता तू पळाची नाई. पळाचंच असन तं मी पळीन."

त्या गाडीची एक रीत होती. कोणी डबल ड्युटीला थांबला, की आपला रिकामा जेवणाचा डबा फडक्यात बांधून ओळखीच्या हाती पाठवायचा. तो माणूस खिडकीतून, फलाटावर वाट बघणाऱ्या बायकांच्या हाती द्यायचा. घरी कळायचं, आज उशीर आहे. दुसरी एक रीत होती, तिच्याबद्दल मात्र कोणी बोलत नसे. कामावर माणूस दगावला, तर घरी येऊन आंघोळ करेपर्यंत त्याच्या गँगमधलं कोणीही डबा उघडत नसे. म्हणून फलाटावरची प्रत्येक बाई हाती आलेला डबा आधी तोलून बघायची. हलका लागला की मग उशिराबद्दल नवऱ्याला शिव्या द्यायला मोकळी!

मी पोटुशी होते तेव्हाची, वैशाखातली दुपार होती. गाडी आली, पण आमचे दोघे उतरले नाहीत. दुसऱ्या गँगच्या माणसाने खिडकीतून दोन डबे पुढे केले. मी हात लांबवला, तोच गिरजाबाईने मला खांद्याने मागे सारलं आणि दोन्ही डबे स्वतः घेतले. काही विचारायच्या आत गाडी हलली.

"काय झालं व बाई?"

"काई नाई. डबल करून राहिले दोघंई. चाल घरी, ऊन लागन तुले."

"द्या न मले एक डबा."

"कावून? मी काय म्हातारी झाली?"

तिचा चेहरा घामाने निथळत होता, पण त्या उन्हात कोणाचा नव्हता? घरी आल्यावर तिने मला बाजेवर निजवलं आणि डबे घेऊन मागच्या पडवीत गेली. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग राखेने भांडी घासल्याचा आवाज आला. दोन्ही डबे लख्ख करून तिने माझ्यासमोर पालथे घातले. माझा जीव भांड्यात पडला आणि मला झोप लागली.

संध्याकाळच्या गाडीने दोघे आले. गँगमधला एकजण उन्हाने कोसळून दगावला होता आणि सगळी गँग त्याच्यापाशी थांबली होती. दिवसभर पोटात अन्न नाही. आंघोळ करून डब्यातलेच दोन घास खायचे, म्हणून भासऱ्यांनी, म्हणजे गिरजाबाईच्या नवऱ्याने, डबा उचलला.

"माया डबा कोणं खाल्ला?"

"मी."

"अन् याचा?"

"तोबी मीच."

भासरे संतापले. माणूस गेला म्हणून न उघडलेले डबे, आणि हिने एक सोडून दोन खाल्ले! रागाने त्यांनी त्या दिवशी चूलही पेटवू दिली नाही. मला मात्र सगळं उमगलं. डबे भरलेलेच आले होते. अन्न टाकणं तिच्या हातून झालं नसतं, आणि उकिरड्यावर भाकरी दिसल्या असत्या तर शेजारणींनी ती बातमी माझ्यापर्यंत आणली असती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने डोळ्यांनी दटावलं. नंतर म्हणाली, "सांगशीन तं उद्या फलाटावर माया शब्द कोणी मानन काय?" मी गप्प बसले. माझा मुलगा सुखरूप झाला. भासऱ्यांचा रागही ओसरला, थट्टा तेवढी राहिली. पंगतीत कोणीतरी म्हणायचंच, "गिरजाबाईले दोन पानं मांडा बे!" तीही हसायची.

ती जाण्यापूर्वी भिलाईतच, रुआबांध्याला तिच्या घरी तिला भेटायला गेले होते. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "बाई, आता तरी पोराईले सांगू द्या. माया पोरासाठी खाल्लं तुमी."

"नोको सांगू... त्याच्यासाठी खाल्लं, हे खरं हाय. पण एकेक घास गिळताना मी देवाले काय म्हणून राहिली होती, मालूम हाय तुले? म्हटलं, दोघांतला एक नेलाच असन, तं धाकटा असू दे."

धाकटा म्हणजे माझा नवरा. इतक्या वर्षांनी त्या दुपारची भीती पुन्हा उठून बसली. मी तिचा हात धरला, तो गार होता.

"बाई," मी म्हटलं, "त्या दिवशी भरला डबा माया हाती आला असता, तं मीनंबी देवापाशी भासऱ्याचंच नाव घेतलं असतं."

"मालूम हाय मले," ती म्हणाली. "म्हणूनच नाई देला तुया हाती."