पुढचं पान घरी राहिलं

लोक मला विचारतात, बेनीभाऊ, एवढा भारदस्त आवाज तुमचा, मग चर्चमध्ये वाचन का नाही करत? आता यांना काय उत्तर देऊ? बसा. चहा आहे ना हातात? मग एकदाच ऐका, म्हणजे परत विचारणार नाही.

लॅटिन जाऊन मिस्सा, म्हणजे चर्चमधली आमची उपासना, मराठीत आली, त्यानंतरची गोष्ट. आमच्या अंधेरीच्या गावठाणात नवे फादर आले होते. ते म्हणायचे, बायबल नुसतं घरच्या अल्तारावर, क्रुसापाशी, ठेवू नका, रोज जेवता तसं रोज वाचा. दर शुक्रवारी त्यांचा वर्ग असायचा. नियम एकच, कुठलाही उतारा घ्या, त्याच्या मागचं वाचा, पुढचं वाचा, मगच तोंड उघडा. मी नेमाने जायचो. मान डोलवायचो. आणि घरी येऊन काय वाचायचो? शून्य! अहो, देवाने आवाज दिला होता. आवाजवाल्याला अभ्यास कशाला?

अशात माझ्या बहिणीचं, तेरेजचं, लग्न ठरलं.

या लग्नावर आमच्या अख्ख्या घराचा जीव टांगलेला होता. तेरेजचा पहिला साखरपुडा झाला आणि तो मुलगा काविळीने गेला. दुसरा झाला, तर तो स्कूटरवरून पडून पाय मोडून घेऊन बसला. त्याच्या आईने अंगठी परत पाठवली. झालं! विहिरीवर बायका कुजबुजायला लागल्या, पोरगी पांढऱ्या पायाची. तेरेज बिचारी घराबाहेर पडेना. तिसरं स्थळ आलं वर्सोव्याचं. पास्कू नाव, स्वतःची होडी, माणूस लाखात एक. पण त्याच्या आईच्या कानावर सगळं गेलेलं. मुलाने हट्ट धरला म्हणून ती कशीबशी तयार झाली होती.

फादरांनी वाचनासाठी बायबलच्या जुन्या करारातली एका लग्नाची गोष्ट निवडली. तिचं मराठी करून, सायक्लोस्टाइल केलेली पानं माझ्या हातात दिली. तिसऱ्या पानावर पेन्सिलची खूण होती. लग्नाच्या रात्री नवरा-बायको मिळून प्रार्थना करतात, तेवढाच भाग.

"बेनी, वाचायचं एवढंच. पण घरी अख्खी गोष्ट वाच हं."

"पाठच करतो, फादर!"

घरी येऊन पाहिलं, तर जेमतेम दहा-बारा ओळी! सख्ख्या बहिणीचं लग्न, वसईपासून पाहुणे येणार, नवा सूट शिवलेला, आणि दहा ओळी वाचून खाली बसू? दुसऱ्या पानावर नुसती नजर टाकली. सासरा दिसला, जेवण दिसलं, मासा दिसला. मासा! वर्सोव्याची मंडळी खूश! ठरवून टाकलं, दुसऱ्या पानापासून सुरुवात करायची. चौथं पान टेबलावरच राहू दिलं. त्याचं काय काम?

लग्नाच्या दिवशी चर्च खचाखच भरलेलं. मी उभा राहिलो, घसा खाकरला आणि दणक्यात सुरू केलं. पहिल्याच ओळीत मुलीचा बाप जावयाला सांगतोय, बाबा रे, या मुलीची याआधी सात लग्नं झाली आणि सातही नवरे पहिल्याच रात्री मेले.

पास्कूच्या आईने पटकन क्रुसाची खूण केली.

कोणताही शहाणा माणूस इथे थांबला असता ना? मी म्हटलं, पुढची ओळ बरी असेल. पुढे नवरदेव निखाऱ्यावर माशाचं काळीज जाळून भूत पळवतोय! वर्सोव्याच्या बाकांवरून आवाज आला, "अरे देवा, पोरीला भूत पण हाय?"

फादर हाताने खुणा करत होते, थांब, थांब. मला वाटलं, आवाज वाढव म्हणतायत. मी वाढवला!

मग ती प्रार्थना आली आणि लोकांनी सुस्कारा सोडला. फादरांची पेन्सिलची खूण तिथेच संपत होती. पण माझी अक्कल बघा! म्हटलं, एवढं बिघडलंच आहे, तर काहीतरी गोड वाचूनच थांबू. वाचलं. तर तिकडे ते दोघं झोपल्यावर सासरा उठला आणि गड्यांना घेऊन जावयासाठी कबर खणायला लागला!

सगळ्या वर्सोव्याने वळून आमच्या बाबांकडे पाहिलं. बाबांनी बिचाऱ्यांनी नकळत हात पाठीमागे लपवले.

आता मी वाचत धावतच सुटलो. सासऱ्याने दासीला पाठवलं, जाऊन बघ म्हणून. दासीने दिवा घेतला, दार उघडलं, आत डोकावली आणि... पान संपलं.

आमचा नवरदेव पास्कू उठून उभा. "पुढं?"

"पुढचं पान घरी आहे."

"आरं, पण तो जगला का मेला?"

"मला... मला नाही माहीत."

तेरेजने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचे खांदे हलत होते. पहिलं लग्न काविळीने मोडलं, दुसरं स्कूटरने, आणि तिसरं सख्ख्या भावाने! मला तिथेच रडू फुटलं.

"जगला! ठणठणीत जगला!" फादर ओरडले.

पास्कूची आई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "फादर, तुमी लगीन लावणारे, तुमी तसंच बोलणार. पान दाखवा. तवर माझा पोर हो म्हणायचा नाय."

धावलो! नवा सूट, नवे बूट, गावठाणातून सुसाट. अंगणात बायका लग्नाचे फुगे, म्हणजे मैद्याचे गोल वडे, तळत होत्या. एक म्हणाली, "लागलं का रे लग्न?"

"नाही! नवरा मेला की जगला ते बघायला आलोय!"

तिच्या हातातला झाराच गळाला.

पान टेबलावर नव्हतं. सापडलं ते तळणीच्या परातीखाली, तेलाने थबथबलेलं. पण अक्षरं दिसत होती. परत येऊन, धापा टाकत वाचलं. दासीने पाहिलं, दोघं शांत झोपलेत. सासऱ्याने उजाडायच्या आत कबर बुजवायला लावली आणि गावजेवण घातलं.

वर्सोव्याने टाळ्या वाजवल्या. चर्चमध्ये! पास्कूच्या आईने डोळे पुसले आणि म्हणाली, "लावा लगीन." पास्कू तर फादरांनी विचारायच्या आधीच "होय" म्हणाला.

संध्याकाळी तेरेज निघाली. सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली आणि शेवटी माझ्यापाशी आली. मी आपला केविलवाणा हसत म्हटलं, "जाऊ दे ना तेरेज. शेवट तर गोड झाला की नाही?"

तिने रुमालाने डोळे पुसले.

"शेवट आधीपासूनच गोड होता, दादा. तूच तो वाचला नव्हतास."