तिसरा पुकारा

चार नंबरच्या कोर्टाच्या दारात उभं राहून पुकारा करणाऱ्या शिपायाला सगळे भोंगा म्हणत. त्याने वर आवाज दिला की तळमजल्यावरचं झेरॉक्सचं मशीन क्षणभर थबकतं, असं झेरॉक्सवाला शपथेवर सांगायचा. अर्थात दिवसभर प्रतिज्ञापत्रांच्या प्रती काढणाऱ्या माणसाच्या शपथेला किती भाव द्यायचा, हा ज्याचा त्याचा प्रश्न. घरी मात्र याच भोंग्याने जेवताना मीठ मागितलं, तर बायकोला दोनदा “काय म्हणालात?” असं विचारावं लागे. सगळा आवाज तो सरकारदरबारी जमा करून येत असावा.

काम सोपं होतं. आतून कारकून प्रकरणाचा क्रमांक सांगायचा आणि भोंग्याने तो दारात ओरडायचा. एकेका मिनिटाच्या अंतराने, तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कुणी उठलं नाही की कारकून त्याच्यापुढे ‘गैरहजर’ लिहून मोकळा. मग जो हजर असेल त्याचंच ऐकून न्यायाधीश हुकूम देणार, आणि त्याला एकतर्फी हुकूम म्हणणार. पूर्वी माणसांची नावं पुकारत. पण एकदा एका बड्या असामीला आपलं नाव असं व्हरांड्यात ओरडलेलं ऐकून भारी अपमान वाटला. पंधरा दिवसांत परिपत्रक निघालं की पक्षकारांची प्रतिष्ठा जपण्यासाठी यापुढे नाव न घेता फक्त क्रमांक आणि भूमिका पुकारावी. एरवी या इमारतीत पंख्याचं बटण बदलायला तीन वर्षं लागतात. बड्या असामीची प्रतिष्ठा जपली गेली, आणि बाकीच्यांना आपण नक्की कोण आहोत हेच कळेनासं झालं.

त्याचा पहिला फटका बसला एका म्हाताऱ्या घड्याळदुरुस्तीवाल्याला. त्याच्या राहत्या खोलीचा दावा होता. भोंगा ओरडला, “प्रतिवादी क्रमांक तीन, हजर आहेत का?” म्हातारा समोरच्या बाकावर सकाळपासून बसला होता, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावून. भोंगा दुसऱ्यांदा ओरडला. तिसऱ्यांदा ओरडला. म्हातारा कौतुकाने त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. दुपारी तो जवळ आला आणि अदबीने म्हणाला, “साहेब, माझं नाव अजून नाही का आलं?”

तोवर खोली गेली होती. भोंग्याला त्या दिवशी स्वतःची मनापासून लाज वाटली. संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं, तेव्हा ती पोळी लाटायची थांबली. “अहो, मग जवळ जाऊन सांगायचं ना त्यांना? तोंड काय नुसतं ओरडायलाच दिलंय?”

याला अठरा वर्षं झाली. त्या दिवसापासून भोंगा कोर्ट सुरू व्हायच्या आधी अर्धा तास येऊन बाकांवरून फिरायचा आणि लोकांचे कागद बघायचा. कुणी शिकवलं नव्हतं, पण दारात उभं राहून राहून कान तयार झाले होते. “तहकूब म्हणजे आज काही होणार नाही, घरी जा आणि पुढच्या तारखेला येऊन याच बाकावर बसा.” “समन्स म्हणजे आमंत्रणच समजा. फक्त पाहुणचार नाही, आणि आला नाहीत तर यजमान पोलीस पाठवतो.” “कैफियत म्हणजे तुमची बाजू. रडून सांगायची नाही, लिहून द्यायची.” कुणी विचारायचं, “निकाल राखून ठेवलाय म्हणजे काय हो?” भोंगा दोन्ही बाजूंना बघून हळूच म्हणायचा, “म्हणजे साहेबांना अजून विचार करायचाय. चांगला करतील अशी आशा धरा.”

वकिलांना हे फारसं आवडत नसे. पक्षकाराला एका वाक्यात कळणारी गोष्ट चार बैठकांत समजावून सांगण्याची त्यांची परंपरा होती. पण दारातल्या शिपायाशी भांडून स्वतःची किंमत कोण कमी करून घेणार, म्हणून ते गप्प बसत.

मग नवे अधीक्षक आले. माणूस शिस्तीचा. त्यांच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे रांगेत असत. त्यांच्या कारकिर्दीत ‘सुलभ भाषा कक्ष’ उघडला गेला आणि ‘सुलभ भाषा पुस्तिका’ निघाली. अकरा जणांच्या समितीने दोन वर्षं खपून ती तयार केली होती. तिच्यात ‘गैरअर्जदार’ या शब्दापुढे लिहिलं होतं : ‘ज्या व्यक्तीविरुद्ध अर्जदाराने दाद मागितली आहे अशी, स्वतः अर्जदार नसलेली, तथापि प्रकरणात हितसंबंध असलेली व्यक्ती. पाहा, अर्जदार.’ आणि अर्जदारापुढे लिहिलं होतं, ‘पाहा, गैरअर्जदार.’ समितीतल्या प्रत्येकाला पुष्पगुच्छ मिळाला. कक्ष दुपारी दोन ते चार उघडा असे. कोर्टाचे पुकारे सकाळी अकराला सुरू होऊन एकच्या आत संपत. या दोन वेळांचा एकमेकींशी काही संबंध असावा, असं समितीत कुणाच्या मनातही आलं नाही.

कक्ष झाल्यावर भोंग्याला पहिला मेमो मिळाला. शिपायाने पक्षकारांशी बोलू नये, शब्दांचे अर्थ सांगणं हे कक्षाचं अधिकृत काम आहे, वगैरे. दुसरा मेमो मिळाला की चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत पेन्शनचे कागद हलणार नाहीत. निवृत्तीला सात आठवडे उरले होते. निवृत्तीनंतर बायकोच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं आणि दवाखान्याने तारीखही दिली होती. तेव्हा भोंग्याने तोंडाला कुलूप घातलं. तीन आठवडे तो नुसता ओरडायचा आणि घरी जायचा. बायको म्हणाली, “आजकाल तुम्ही घरी काहीच बोलत नाही.” तो म्हणाला, “कोर्टातही नाही बोलत,” आणि हे तिला पहिल्या फटक्यात ऐकू आलं.

अशातच एका सकाळी शिवणकाम करणारी एक बाई आली. दुकानातून तशीच निघाली असावी, कारण मोजमापाची पिवळी टेप अजून गळ्यात होती. खांद्याला निळी पिशवी आणि हातात दोन कागद, टाचणीने एकत्र लावलेले. ती थेट भोंग्यापाशी आली.

“काका, हा वरचा कागद माझा. गेल्या वर्षी मी नवऱ्याविरुद्ध खर्चासाठी अर्ज केला होता, चौऱ्याण्णव नंबरचा. खिडकीवरचे साहेब म्हणाले, तुम्ही अर्जदार आहात, बसा, पुकारतील. पण हा खालचा कागद परवा आला. हा काय आहे?”

भोंग्याने खालचा कागद बघितला. प्रकरण क्रमांक दोनशे सतरा. नवऱ्याने मुलीचा ताबा मागितला होता आणि तारीख आजची होती. चौऱ्याण्णव आजच्या यादीत नव्हतंच. या प्रकरणात तुम्ही गैरअर्जदार, एवढंच त्याला बाईला एका ओळीत सांगायचं होतं. त्याने तोंड उघडलं, आणि बाईच्या मागे जिन्यावरून अधीक्षक वर येताना दिसले.

“सुलभ भाषा कक्षात विचारा,” भोंगा म्हणाला आणि त्याने बोटाने दिशा दाखवली.

बाई तिकडे गेली, दाराला कुलूप बघून परत आली आणि समोरच्या बाकावर बसली. ‘शांतता राखा’ या पाटीच्या बरोबर खाली. मग ती कान देऊन ऐकू लागली. चौऱ्याण्णव नंबर कधी येतो, अर्जदार कधी म्हणतात, याकडे तिचं सगळं लक्ष होतं.

पावणेबाराच्या सुमारास एक तरुण वकील फोनवर बोलत दारापाशी येऊन उभा राहिला. दारातल्या शिपायाला तो खांबच समजत असल्यामुळे त्याने आवाज खाली करण्याची तसदी घेतली नाही. “तू शाळेपाशीच थांब. इकडे यायची गरज नाही, मी आहे. तुझी बायको व्हरांड्यात बसलीय, पण तिला काहीच कळलेलं दिसत नाही. तीन पुकारे होऊ देत. हुकूम हातात पडला की प्रत घेऊन मी निघालोच. साडेबाराला शाळा सुटते ना? मग पोरीला दारातूनच गाडीत घे.”

भोंग्याने पाटीखालच्या बाकाकडे बघितलं.

आतून कारकुनाचा आवाज आला, “दोनशे सतरा.” वकील फोन खिशात टाकून आत गेला.

“प्रकरण क्रमांक दोनशे सतरा! गैरअर्जदार क्रमांक एक, हजर आहेत का?” भोंगा ओरडला. बाईने त्याच्याकडे बघितलं आणि हातातल्या वरच्या कागदावर बोट ठेवून स्वतःचा आकडा पुन्हा एकदा खात्रीने वाचला. चौऱ्याण्णव. ती निश्चिंत झाली.

व्हरांड्याच्या टोकाला अधीक्षक हाताची घडी घालून उभे होते. एक मिनिट गेलं.

“प्रकरण क्रमांक दोनशे सतरा! गैरअर्जदार क्रमांक एक, हजर आहेत का?” यावेळी भोंगा तिच्याकडे बघूनच ओरडला, डोळे मोठे करून, भुवया उडवून. बाईला वाटलं, काका कुणाला तरी शोधताहेत. तिने मदत म्हणून आजूबाजूला बघितलं, आणि शेजारच्या माणसाला म्हणाली, “बघा हो, तुम्हाला तर बोलवत नाहीत ना?”

भोंग्याला बायकोचे गुडघे आठवले. तिने दवाखान्याची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केली होती. त्याला रडू आलं नाही, राग आला. राग अधीक्षकांचा, समितीचा, त्या बड्या असामीचा, आणि सगळ्यांत जास्त सकाळी कुलूपबंद कक्षाकडे गेलेल्या आपल्या बोटाचा.

“तिसरा,” आतून कारकून म्हणाला.

भोंग्याने छाती भरून श्वास घेतला.

“प्रकरण क्रमांक दोनशे सतरा! नवऱ्याने जिची मुलगी मागितलीय ती आई हजर आहे का? अहो बाई, तुम्हीच! निळी पिशवी, गळ्यात टेप! उठा, आत जा, आत्ता! नाहीतर पोरगी जाईल!”

खाली झेरॉक्सचं मशीन थांबलं की नाही, माहीत नाही. व्हरांडा मात्र थांबला. बाई ताडकन उठली, पिशवीतला डबा खडखडत फरशीवर पडला, आणि तो तसाच टाकून ती दारातून आत शिरली. आतून तिचा आवाज आला, “मी आहे! मी आई आहे!”

अधीक्षक लांब ढांगा टाकत आले. “हे काय होतं?”

“तिसरा पुकारा, साहेब.”

“विहित नमुन्यात?”

“सुलभ भाषेत, साहेब.”

अधीक्षकांनी खिशातून पेन काढलं. माणूस शिस्तीचा असल्यामुळे मेमोचे कोरे फॉर्मही त्यांच्या खिशात घडी घालून तयार असत. ते खिडकीच्या कट्ट्यावर फॉर्म ठेवून लिहू लागले आणि भोंगा शेजारी उभा राहिला. डबा त्याने उचलून पुसून ठेवला होता.

वीस मिनिटांनी दार उघडलं. आधी वकील फोन कानाला लावून बाहेर पडला आणि जिन्याकडे न जाता दुसऱ्याच कोपऱ्यात जाऊन पुटपुटू लागला. मागून बाई आली. हातात हुकुमाचा कागद होता.

“काका, यात लिहिलंय, ‘अंतरिम ताब्याची मागणी तूर्त नामंजूर. गैरअर्जदाराने चार आठवड्यांत कैफियत दाखल करावी.’ म्हणजे काय?”

अधीक्षकांचं पेन थांबलं. त्यांनी भोंग्याकडे बघितलं. भोंग्याने त्यांच्याकडे बघितलं नाही.

“म्हणजे मुलगी तुमच्याकडेच राहणार. सध्या तरी. आणि महिन्याभरात तुमची बाजू वकिलाकडून लिहून द्यायची. विसरायचं नाही.”

“म्हणजे मी जिंकले?”

“नाही हो. तुम्ही हजर होतात, एवढंच. इथे तेवढंही पुष्कळ असतं.” त्याने डबा तिच्या हातात दिला. “तुमचा नवरा शाळेच्या दारात गाडी घेऊन उभा आहे. हा कागद हातातच धरा, पिशवीत टाकू नका. त्याने काही म्हटलं तर शाळेच्या बाईंना दाखवा. सव्वाबारा होऊन गेलेत. पळा!”

ती पळाली. जिन्यावर चपलांचा आवाज तळमजल्यापर्यंत ऐकू आला, मग बंद झाला.

अधीक्षकांनी मेमो पूर्ण केला. पक्षकाराशी संभाषण, विहित नमुन्याचा भंग, पक्षकाराच्या पोशाखाचा जाहीर उल्लेख, ताकीद देऊनही पुनरावृत्ती. एकूण चार मुद्दे होते आणि चारही खरे होते. खाली सहीसाठी जागा होती. भोंग्याने सही केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बारा बत्तीस. आतून कारकून पुढचा नंबर सांगत होता, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

“पोचली असेल,” तो म्हणाला.

“कोण?” मेमोची घडी घालता घालता अधीक्षकांनी विचारलं.

“आई,” भोंगा म्हणाला.