काळा राजा कोण?

नववीच्या सुट्टीत आम्ही अमळनेरात टीव्हीवरचा गेम दिवसभरासाठी भाड्याने आणायचो. त्यातल्या एका कॅसेटीत सगळी अक्षरं जपानी. तलवारवाला पोरगा जंगलं, भुयारं ओलांडत महालात पोचतो, तिथे काळ्या कपड्यांतला राजा. पोरगा जे करेल तेच राजा करतो. असं का, ते लिहिलेलं असेलही, पण वाचता येतंय डोंबल! मग गोष्ट आम्हीच रचली. गल्लीत जितकी पोरं-पोरी तितक्या गोष्टी, आणि सगळ्यांत मोठ्या आवाजातली माझी.

"राजा म्हणजे तोच पोरगा," मी ठणकावून सांगितलं. "डोकं फिरलं, म्हणून स्वतःला विसरला. वेड्याला मारलं की गेम संपला." उचलली जीभ लावली टाळ्याला!

मागे खाटेवर नाना बसले होते. माझे सख्खे काका. शिंदखेड्याला शाळेत मास्तर होते. एका उन्हाळ्यात त्यांना वर्गातली पोरं ओळखू येईनात, मग आरशातला स्वतःचा चेहराही परका वाटायला लागला. दवाखान्यातून सुटले ते आमच्याकडेच आले. पण ताईचं लग्न जमवायचं होतं. म्हणून कोणी आलं की आबा, म्हणजे माझे वडील, सांगायचे, "गावाकडचे पाहुणे आहेत." नाना मान खाली घालून हो म्हणायचे.

माझी गोष्ट ऐकून ते उठले आणि मागच्या खोलीत गेले. आई चहा घेऊन गेली तर तिला म्हणाले, "पोरगी खरं बोलली, वहिनी. येडा गेला म्हणजे बठ्ठं सरलं, सगळं संपलं." आईने बाहेर येऊन मला ते जसंच्या तसं सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माफी मागायची अक्कल मला तेव्हा नव्हती, आजही फारशी नाही. मी नानांना हाताला धरून बाहेर आणलं. "महालात मी सारखी मरते. तुम्ही खेळा," म्हटलं आणि रिमोट हातात कोंबला.

आम्ही राजा दिसला रे दिसला की तलवार चालवायचो, तोही चालवायचा, आणि आम्हीच मरायचो. नानांनी एकही बटण दाबलं नाही. राजाही नुसता उभा राहिला.

"मी थांबनू का तो बी थांबस," नाना हळूच म्हणाले. "तो येडा नही शे, पोरी. घाबरेल शे."

वेडा नाही, घाबरलेला. मला रडू आलं. पडद्यावर ते दोघं समोरासमोर उभेच होते, आणि आम्ही तिथेच बसून शेवेची भाजी-भाकरी खाल्ली.

त्याच आठवड्यात सावद्याहून ताईला बघायला माणसं आली. चांगलं केळीच्या बागांवालं घर. पोहे झाले, आणि मुलाच्या मामांनी खाटेकडे बोट करून विचारलं, "हे कोण?"

"गावाकडचे..." आबांनी सुरुवात केली.

"माझे सख्खे काका," मी मध्येच बोलले. "आबांचे धाकटे भाऊ."

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. नानांनी मात्र मान वर केली.

सावद्याचा निरोप काही आला नाही. ताई माझ्याशी पंधरा दिवस बोलली नाही, आणि तिचं काय चुकलं? मला वाटलं, मीच तिच्या संसारावर तलवार चालवली.

पुढचं स्थळ आलं तेव्हा मी ओठ घट्ट मिटून दाराशी उभी होते. ताई पोह्यांचा ट्रे घेऊन आली. पहिली बशी तिने पाहुण्यांना दिली नाही, खाटेवर दिली.

"हे आमचे नाना," ती म्हणाली. "आधी यांना."